सुट्टे

शनिवारवाड्याच्या तिकीट-खिडकीला
वीतभर उंचीची अर्धगोल फट आहे.
अकरा वर्षं मी पुणं त्या फटीतून बघते:
मनगटं, गंडे, उतरत आलेली मेंदी,
घामेजल्या नोटा,
आणि पंधराच्या आत तिकीट नाही म्हणून
गुडघे दुमडून फटीच्या पातळीला आलेले
मिसरूड फुटलेले ओठ.
मी म्हणते, सुट्टे द्या.
दिवसातून चारशे वेळा म्हणत असेन.

हसीना बागवान आतलं गवत कापते.
आमची दोघींची रजा वर्षातून दोनदा जुळते,
तेव्हा पहाटे वाकडेवाडीहून लाल गाडी धरायची.
कंडक्टरच्या यंत्रातून बाईमाणसाचं अर्धं तिकीट निघतं.
हसीना दर वेळी ते पदराला पुसते, म्हणते,
बघ, झालो परत पंधराच्या आत.

पहिल्याच वर्षी अजिंठ्याला पोचलो तो सोमवार.
सोमवारी अजिंठा बंद,
आणि आम्ही दोघी ह्याच खात्याच्या!
फर्दापूरला रस्त्याकडेला बसून शेंगा फोडल्या.
आत तो कमळ घेतलेला, शतकानुशतकं मान कलती.
आज त्यालाही सुट्टी, हसीना म्हणाली,
कुणी नाही बघायला, बसला असेल पाय पसरून.

पितळखोऱ्याला पायऱ्या उतरता उतरता
तिचा गुडघा बोलायला लागला.
खाली दगडी हत्ती, ओळीनं, सोंडा झडलेले.
मी नुसती बघत राहिले. ती म्हणाली,
ह्यांना कधीपासून उभं केलंयस रांगेत?
एकाकडेही सुट्टे नाहीत?

ताडोब्यासाठी तीन वर्षं पैसे साठवले.
मोहर्लीच्या खिडकीत मी आधार कार्ड सरकवलं
आणि तेव्हा कळलं
की आतल्या माणसाला मी म्हणजे
शाईचा डाग पडलेलं एक बोट आहे.
मुद्दाम वाकले. म्हटलं, नमस्कार.
तो दचकला.
वाघ दिसला नाही.

मग नान्नज. सोलापूरच्या पलीकडे
नजर पोचेल तिथपर्यंत बुटकं गवत,
मध्ये एक मनोरा, आणि गेनसिद्ध नावाचा वनमजूर,
त्याच्या गळ्यात दुर्बीण.
माळढोकाचं अभयारण्य.
माळढोक कुठाय?
त्यानं दुर्बीण हसीनाच्या हातात दिली.
मागल्या खेपेला एक दिसली होती, म्हणाला. मादी.
मागली खेप कधी, ते मी विचारलं नाही.
दुपारभर आम्ही आळीपाळीनं बघितलं.
काळवीट आले, गेले. एक घार.
वाऱ्यानं गवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं,
तेवढ्यात काहीतरी उभं राहिल्यासारखं वाटायचं.
गेनसिद्ध रोज बघतो. पगार बघण्याचाच आहे.

निघताना त्यानं वही पुढे केली.
नाव. गाव. काय पाहिलं.
माझं पेन त्या तिसऱ्या रकान्यापाशी अडलं.
आपली पाळी आल्यावर हसीनानं एकेक अक्षर लावत लिहिलं:
गवत. चांगलं आहे. कापू नये.

परत आले. तीच फट, तीच खुर्ची, तोच पंखा.
आतून बाहेर पडणारे अजूनही कुरकुरतात,
वाडा जळून गेलाय, नुसती जोती आहेत,
पंचवीस रुपये कशाचे घेतात?
पूर्वी मी म्हणायचे, पाटी वाचा.

काल एक पोरगा फटीशी वाकला.
खरोखरच पंधराच्या आतला.
काकू, आत काय आहे?
मी खुर्चीतून उठून बघितलं.
लांब कारंज्याच्या कोरड्या हौदाशी
हसीना यंत्र बंद करून उभी होती,
कोपऱ्यातला एक पट्टा तिनं तसाच ठेवलेला,
ढोपरभर वाढलेला,
आणि ती त्याच्याकडे बघत होती.
साहेबांच्या लक्षात यायचंय अजून.

जा, मी म्हटलं, डाव्या कोपऱ्यात जा.
जरा वेळ थांब तिथं.
त्याच्यामागे त्याच्या आईचा हात आला,
पाचशेची नोट.
सुट्टे नाहीत का हो, मी म्हटलं,
आणि वाकून तिचा चेहरा बघितला.