पाणी, ३९

अपोंडीनं सुरुवात केली ती मंगळवारी,
मैद्याच्या रिकाम्या पिशवीच्या कोऱ्या बाजूवर.
चार ओळी. माझ्यासमोर लिहिल्या,
माझंच पेन घेऊन.

मासा पहाटे चारला निघतो.
दलाल नऊला येतो.
मधे पाच तास.
या पाच तासांत काय विकता येईल?

मी नगरपालिकेत कारकून. माझ्या टेबलावर
फायली पिकतात, तेव्हा कुठं एखादी गळून पडते.
मी म्हणालो, चौकशी कर, चार जणांना विचार,
निवडणूक होऊन जाऊ दे, व्याज उतरू दे.
नमनालाच घडाभर तेल जाळलं मी.
ती म्हणाली, "विचार चारच ओळींचा आहे, ओगोला.
बाकीची नुसती भीती. तिला वेगळा कागद कशाला?"

सरोवराचा हा काठ तिला तोंडपाठ.
म्बुटाचे डोळे किती वेळ स्वच्छ राहतात,
कधी त्यांच्यावर दुधासारखी साय धरते,
साय धरली की दलाल ओठ कसे मुडपतो
आणि किलोमागे साठ शिलिंग
न बोलता कसे खाली सरकतात.
तिच्या आईनं तीस वर्षं
ते साठ शिलिंग सरकताना पाहिले.
हेतू म्हणतात तो हाच असावा.
तिनं तो शब्द कधी वापरला नाही.

बुधवारी भंगारातला फ्रिज, मोटार मेलेली, दार शाबूत.
गुरुवारी सुताराकडचा भुसा,
बदल्यात त्याचं अंगण झाडून दिलं.
शुक्रवारी बर्फाच्या कारखान्यात जाऊन
एकच प्रश्न: रात्री दोनला दार कोण उघडतं?
शनिवारी त्या दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याला रताळी.
रविवारी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर
चर्चच्या पायरीवरच अकरा नाववाल्यांशी बोलणं.
सात हसले.
चौघांनी विचारलं, "केवढ्याला?"
तिनं चौघांचीच नावं लिहिली.
हसणाऱ्यांवर शाई खर्च केली नाही.

सोमवारी पहाटे मोटारसायकलच्या मागं
गोणपाटात गुंडाळलेल्या सहा लाद्या.
आणि वारा फिरला.
नावा काठाला लागल्या साडेआठला.
तोवर फ्रिजच्या तळातून धार लागलेली,
वाळूत एक बोटभर नदी, सरोवराकडं निघालेली.
मी उभा होतो,
"सांगितलं होतं ना" जिभेवर तयार ठेवून.
तिनं माझ्या हातात मग दिला.
"मोज."
एकोणचाळीस मग भरले,
कोमट, भुशाचा वास येणारं पाणी.
तिनं पिशवीवर लिहिलं: पाणी, ३९.
त्याखाली: दाराला रबर नाही. भुसा ओला होता.
वाऱ्याची खबर रात्री बाराला, ओदेराकडून.

दुसऱ्या दिवशी ३१.
गुरुवारी २२, आणि दलालाची एक शिवी;
तीही तिनं नोंदवली, जमेच्या बाजूला.
नवव्या दिवशी ओदेराच्या नावेतला म्बुटा
तराजूवर पडला, डोळे लख्ख,
जणू तोच दलालाची पारख करतोय.
दलालानं कल्ले उचकून पाहिले. परत पाहिले.
ओठ मुडपायची सवय होती, तेवढी करून घेतली
आणि पुरे पैसे मोजले.

फार मोठं काही झालेलं नाही.
उसने घेतलेले फिटायचेत, फ्रिज खालून गंजतोय,
पलीकडच्या धक्क्यावर तिचंच बघून
कुणी पेटी आणलीय, निळी, कोरी करकरीत.
काल ती आली, हातात नवी पिशवी, पिठानं अजून पांढरी,
आणि पेन मागितलं.
मी दिलं. या खेपेला तेल जाळलं नाही.

आज ऑफिसात
गठ्ठ्याच्या तळाची फाईल ओढून काढली.
एका विधवेचा टपरीच्या परवान्याचा अर्ज,
तीन वर्षांचा, कडा पिवळ्या.
शेरा मारायच्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं:
पाणी, किती?
मग खोडलं,
आणि सही केली.