सप्टेंबर

हुपरीत आमच्या भट्टीवर पदकं यायची,
लुगड्याच्या गाठीत, एकेक.
एका अंगाला राजाचं डोकं,
दुसऱ्या अंगाला उघडाबंब घोडेस्वार.
अण्णा कसावर घासून बघायचे:
अडीच तोळ्यांवर मासाभर.
आणि मुशीत टाकण्याआधी मला हाक मारायचे.

मी पाचवीत. इंग्रजी नुकतंच लागलेलं.
पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली,
ती मी वाचायची, अण्णांनी वहीत उतरायची.
इतिहासबितिहास काही नाही;
चोरीचा माल म्हणून फौजदार दारात आला
तर दाखवायला नाव हवं, एवढंच.

आधी आकडा. मग एस, ई, पी आणि टिंब.
बाईंनी त्याच आठवड्यात महिने घोकून घेतलेले.
सप्टेंबर, मी म्हणालो.
अण्णांनी लिहिलं.

सप्टेंबर रामा खवरे, मराठा पलटण, दोन तोळे सात मासे.
सप्टेंबर गुंडू तिप्पे, मराठा पलटण, दोन तोळे सात मासे.
सप्टेंबर बाळा जठार, कडी तुटलेली, दोन तोळे चार.

बसरा, कूत, बगदाद यातलं वहीत काही नाही.
वेढ्यात खेचराचं मांस कुणी खाल्लं,
कुणी ताट सरकवून भिंतीकडे तोंड केलं,
तैग्रिसच्या चिखलात कुणाचा बूट राहिला, कुणाचा पाय,
वहीला ठाऊक नाही. तिला वजन ठाऊक.
आणि हमालांना, पखालवाल्यांना
सरकारनं जी काशाची पदकं दिली
ती अण्णा न वाचताच परत करायचे.
ते कुठल्याच महिन्यात नाहीत.

आटणी झाली की सगळ्यांची एक लगड.
मग तार, मग कड्या, मग घुंगरं.
कागल, निपाणी, गडहिंग्लज,
पलटण पोरींच्या पायांतून चालत गेली.

एस-ई-पी म्हणजे शिपाई,
हे कळलं तेव्हा अण्णा नव्हते.
खोडरबर घेऊन बसलो होतो एका दुपारी.
शाई निघत नाही. कागद मात्र फाटतो.

मागच्या वर्षी रेंदाळच्या आक्काताई मोरबाळे आल्या.
मालकांचं पदक, एकाहत्तरच्या लढाईचं.
हातात घेतलं आणि हातालाच कळलं.
आक्का, यात चांदी न्हाई. निकेल हाय, तांबं हाय.
"ठावं हाय. इकायला न्हाई आणलं.
तुमच्याकडं नावांची वही हाय म्हणं."

काढली. पानांना अजून टाकणखाराचा वास.
शेवटच्या नोंदीखाली चार बोटं जागा सोडली.
"नाव?"
"दिनकर."
"हुद्दा?"
त्यांना कमी ऐकू येतं.
"डिसेंबर," त्या म्हणाल्या. "सा तारखंला तार आली."

पेन तसंच धरून बसलो थोडा वेळ.
मग लिहिलं:
डिसेंबर दिनकर मोरबाळे, मराठा पलटण,
बावीस ग्रॅम.
काटा आता मासे दाखवत नाही.