गुरुवारची किल्ली

सोरियाच्या माळावरलं आमचं गाव : माणसं एकोणीस,
कुत्री धरली तर जरा भरल्यासारखं वाटतं.
बार बंद पडला त्या हिवाळ्यात
बोलणंच बंद झालं.
थंडी फार आहे, एवढंसुद्धा कोणी कोणाला सांगेना.

मग फेलिसाबाईंनी किल्ली टेबलावर आपटली :
"आळीपाळीने चालवू. ज्याचा वार, त्याची कॉफी."

गुरुवार एउतिकियोचा.
जन्मभर मेंढ्या कातरलेला हात
बशी धरताना थरथरतो,
कॉफी राखेसारखी लागते.
तरी गर्दी गुरुवारीच जास्त.

होंडुरासहून आलेल्या यादिराने
रविवार मागून घेतला, मक्याच्या भाकऱ्या थापल्या.
म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली,
मग दुसरी मागितली.
तिची पोर काउंटरखाली बसून
खडूने आम्हाला मोजते :
एकोणीस, अधिक आई, बाबा, मी.
बावीस.

"एकवीस," एउतिकियो म्हणतो,
"फेलिसा गेली ना फेब्रुवारीत."
पोर भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवते :
सोमवारपुढे तिचं नाव अजून तसंच,
तिच्याच तिरक्या अक्षरात.

कोणी खोडलं नाही.
सोमवारी दार कोणीतरी उघडतंच.
कॉफी मात्र
आपली आपण करून घ्यायची.