सातव्या पावलावर

फेरीबोटीत गवताचा रोल कठड्याला टेकवून उभे होतो.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, पेंढी कितीला?
जीवबा म्हणाला, बैल खात नाही हे.
माणसं हसली. दिवाडी जवळ आली.

भाद्रपद सरत आलेला, तरी हवा
न पिळता वाळत घातलेल्या टॉवेलची.
घरामागं खाजन, खाजनात पाणी,
आणि बांधाला पाठ लावून मिनेझिसचं हिरवं अंगण,
तीस बाय बारा, मधोमध सांधा उचकटलेला,
सुजल्या ओठासारखा.

आधी कुणी केलं होतं, हे विचारायचं नसतं.
कडेचे खिळे उपसले, हातात गंजाचा चुरा.
घडी मागं टाकली तर वास,
झाकण विसरलेल्या पेजेचा.
खाली नुसती चिकण, वर बोटभर वाळू, बस्स.
टाच दाबली की पाणी वर येतं,
टाच उचलली तरी टाचेचा आकार धरून बसते.
काही विसरत नाही ही, जीवबा म्हणाला,
माझ्या सासऱ्यासारखी.
सांध्याच्या बरोबर खाली कुर्लीचं बीळ.
तिला बादलीत घालून बांधापलीकडं सोडली.

मला या धंद्याची थोडी लाज आहे.
पाव्हण्यांना सांगतो, लँडस्केपचं काम.
अख्खा मुलूख हिरवा असताना आम्ही
हिरवं प्लास्टिक मीटरवर विकतो.
चहा घेऊन आलेल्या एस्मेराल्दाबाईंना
मी हेच काहीतरी गमतीनं बोलणार,
तेवढ्यात तो पायऱ्या उतरला, अनवाणी,
एक हात हवेत, कठड्याच्या उंचीवर,
जिथं कठडा नव्हता.

कायतान. तारवटी. अठ्ठावीस वर्षं जहाजांवर.
मग साखरेनं डोळे नेले,
एक आधी, दुसरा नाताळच्या आठवड्यात.
फरशीवर शेवाळ, चिऱ्यावर शेवाळ,
खऱ्या गवतात दोनदा घसरला. म्हणून हे.
रोज सकाळी एकवीस पावलं जायचं, एकवीस यायचं.
"सातव्यावर तोंड उघडलंय त्यानं," तो म्हणाला.
"पडलो तेव्हा माझं मोजणं बरोबर होतं."

मग आम्ही ठरल्यापेक्षा वीतभर खोल खणलं.
चिकण घमेल्यांनी फणसाखाली नेली,
पाण्याच्या नळीनं पातळी धरून बांधाकडं उतार दिला,
भोकांचा पाइप कापडात गुंडाळून निजवला,
वर काळी खडी, आणि धुमस,
जीवबाचे दंड थरथरेपर्यंत.

गोंद ओलीत धरत नाही.
डब्यावर लिहिलंय, चोवीस तास कोरडे हवेत.
ते इथं डिसेंबरात मिळतात.
बाईंनी केस वाळवायचं यंत्र आणून दिलं,
गुलाबी, लेकीनं लिस्बनहून पाठवलेलं.
पट्टी कोमट करत गेलो इंच इंच,
पाती गोंदात अडकू नयेत म्हणून
कंगव्यानं बाजूला सारत,
शाळेत जाणाऱ्या पोरीचा भांग पाडावा तसा.
वर वाळूच्या पिशव्या, ताडपत्री, चार बांबू.
तीन रात्री पाऊस.

चौथ्या दिवशी तो उतरला.
मी मोजत होतो ओठ न हलवता.
पाच. सहा.
सातव्यावर थांबला. टाच दाबली, उचलली, पुन्हा दाबली.
"छान," म्हणाला. आणि जरा वेळानं,
"पण आता सातवं आलं हे मला कळायचं कसं?
तिथून डावीकडं वळलं की बाकडं होतं."

मला सपाट करायचे पैसे मिळतात.
सपाट केलं होतं.

जीवबा काही न बोलता व्हॅनकडं गेला,
सुंभाचा हातभर तुकडा घेऊन आला,
करंगळीच्या निम्म्या जाडीचा.
मी माझ्याच हातचा सांधा टोकाशी पुन्हा उघडला.
गुलाबी यंत्र पुन्हा मागितलं.

निघताना पाइपाच्या तोंडाशी
ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या, मूठभर.
जीवबानं माझ्याकडं बघितलं.
मी फेरीची वेळ बघितली.