मागचं वजा

मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जाणारी
घणसोली गावात मी एकटीच.
महापेला बाहेर तो गोडसर, घशात बसणारा वास,
आत अठरा अंश, आणि रॅक क्रमांक बावीसमध्ये
एका हॉस्पिटलवाल्यांची सगळी नावं:
सिस्टर, वॉर्डबॉय, भूलतज्ज्ञ, लॉन्ड्रीवाले,
एकेचाळीस हजार,
झाडासारखी लावलेली, फांदीला फांदी.

त्यातल्या एकाही नावाशी माझं काम नाही.

मला परवानगी एकाच फांदीची.
ती डिस्कवर कुठेच नसते.
विचारलं की उगवते, उत्तर देते, जाते.
दर पंधरा सेकंदांनी मी विचारते,
म्हणजे माझी स्क्रिप्ट विचारते:
किती जोडण्या उघड्या? किती शोध झाले?
किती जण दाराशी थांबलेत?
चेन्नईची प्रत किती मागे आहे?
तो सांगतो. न चिडता.
माणसाला इतक्यांदा कसा आहेस विचारलं असतं
तर त्यानं फोन उचलणं सोडलं असतं.

पहिल्या आठवड्यात मी फसले.
शोध: नऊ कोटी बारा लाख.
केवढा हा भार, म्हणून इरफान मुकादमला झोपेतून उठवलं.
तो म्हणाला, अगं, सर्व्हर सुरू झाल्यापासूनचा
एकूण आकडा आहे तो. आणि फोन ठेवला.
घरी सांगितलं तर बाबा हसले.
हसुराम मढवी, पाणी खातं.
तीस वर्षं मीटर वाचले त्यांनी
दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत,
काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसत.
“नुसत्या आकऱ्यात काय नाय गो.
मागला वजा कर, मंग घर दिसल.”

त्यांना दिसायचं.
चार युनिटं जास्त: लेक बाळंतपणाला आली.
सलग तीन महिने शून्य: बेल वाजवायची नाही,
शेजाऱ्याला विचारायचं, हळू.

म्हणून आता मी वजा करते.
सकाळी सात पंचावन्नला रेघ उभी राहते,
वॉर्डावॉर्डात पाळी बदलतेय.
दुपारी साडेतीनला चुकलेले पासवर्ड, एकामागून एक सहा,
आणि सातवा बरोबर.
कोण होतं ते मला कळत नाही.
नवी आलेली असेल कुणी. किंवा जुनीच, हात थरथरलेला.
नावांच्याच झाडाखाली बसून
मी बिननावाचे आकडे वेचते.

परवा रविवारी त्याला निवृत्त केलं.
नवा सर्व्हर शेजारच्या रॅकमध्ये तयार,
लोक हळूहळू तिकडे वळवले.
दोनशे बारा. नव्वद. अकरा.
एक वाजून चाळीस मिनिटांनी तीन.
मग एक.
तो एक जाईना.
अर्धा तास शोधत राहिले,
कुठल्या मजल्यावरची विसरलेली मशीन,
कुठला एक्स-रे, कुठली बंद खोली.
पत्ता काढला. पत्ता माझाच.
कुणी उरलंय का हे विचारायला
आत गेलेली मीच ती उरलेली.

इरफान म्हणाला, बंद कर ना, कशाला थांबलीस.
मी आणखी एकदा विचारलं.
जोडण्या, एक. वाट बघणारे, शून्य.
लिहून घेतलं, आणि मग.

सहाच्या सुमारास घरी आले तर बाबा दाराबाहेर उकिडवे,
आमच्याच मीटरपुढे, अंगठा ओला.
“जुन्याचं शेवटचं वाचन लिवलंस ना?
नायतर नवा शून्यापासून चालू होतो
न् मधलं पानी कोनाचंच नसतं.”
लिवलंय, म्हटलं.
स्वेटर अजून अंगातच होता.