कुडी

डिसेंबर, दुपारी अडीचचा अंधार.
रस्त्याच्या मधोमध तो एल्क
मचाणासारखा उभा, चार काटक्यांवर सगळा भार.
पाय दिव्यांना लागले, धड छतावर आलं.
मग तो उठला, अंग झाडलं, जंगलात गेला.
हाल्वर वाचला.
व्होल्वो मात्र कपाळातून मोडली,
आणि मिठाच्या रस्त्यांनी वीस हिवाळे
खालून कुरतडलेलं सगळं
एकदम उघडं पडलं.

इस्पितळातून फोनवर म्हणाला,
"गुनवोर, इंजिन चालतंय अजून."
एवढंच.

कुडी मिळाली गॉटलंडला, एका मेंढपाळ बाईच्या कोठारात.
तेच मॉडेल, फिकट पिवळी, चार दरवाजे;
इंजिन कुणीतरी कधीच होडीसाठी काढून नेलेलं.
बाई म्हणाली, हिच्यातून आम्ही चर्चला जायचो,
आणि आजारी कोकरं डॉक्टरकडे न्यायचो.
मागच्या सीटखाली एक कात्री होती, लोकर कापायची,
आणि लहान मुलाचा एकच हातमोजा.
मोजा मी बाईला दिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.
कात्री राहिली.

मडकं घेताना वाजवून बघावं
तसं बोटांनी वाजवलं मी तिला, उंबऱ्यापासून छतापर्यंत.
कुठेही बद्द नाही.

मग एकीतून काढायचं, दुसरीत घालायचं.
हाल्वरच्या वायरी,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्याच्या तिरप्या अक्षरात:
पंखा. पंप दोन.
हे कशाचं ते विसरलो.

पण टर्बोच्या नळीला वाट हवी,
गिअरबॉक्स दांडगा, त्याला बोगदा रुंद हवा,
लोखंडी पिंजऱ्याचे सहा पाय
जमिनीत रोवायला हवेत.
म्हणजे या अखंड पत्र्याला
भोकं पाडायची होती मला.

तीन दिवस मी ड्रिल मांडीवर घेऊन कॉफी पीत बसले.
सडलेलं कापताना हात कधी अडला नाही.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं,
फुटलेलं सांधायचं, तोच धंदा.
धडधाकट फोडायची सवय नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी हाल्वर आला, मानेला पट्टा.
सगळा वळून बघायचा, घुबडाच्या उलट.
म्हणाला, "राहू दे. साधंच इंजिन घालू हिला.
कोकरं नेऊ, हवं तर."

दाराबाहेर बर्फात जुनी कुडी पडली होती,
चाळणी झालेली.
एकेक भोक त्याच्या एकेका रात्रीचं.
एके ठिकाणी तर तीन, शेजारी शेजारी:
दोन चुकलेली, तिसरं बरोबर.

मी तिच्यावर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली,
भोकांचा छाप घेतला,
आणून पिवळीवर चिकटवला.
त्या तिघांवर त्याने बोट ठेवलं.
"ही दोन पण."
वेडा आहेस, म्हटलं. नाही पाडली.

पहिल्या ठिणगीला जुना रंग जळल्याचा गोड वास आला
आणि पत्र्याची कड दिसली,
सदतीस वर्षांत कुणी न पाहिलेली, पांढरी.
पुढे सोपं गेलं. पुढे नेहमीच सोपं जातं.

हार्नोसंडच्या तपासणी केंद्रात
माणसाने गुडघे टेकून
पत्र्यात ठोकलेला नंबर टॉर्चने वाचला.
कागदोपत्री ही मेंढ्यांची गाडी.
इंजिन, पिंजरा, सीट, चाकं:
हे सगळे 'बदल', रकाना सात.
हाल्वरची गाडी जानेवारीतच नोंदीतून कमी झालेली.
"मग मी हे काय चालवतोय?"
"शिक्का मारलेलं काहीतरी," तो म्हणाला. "पुढची गाडी आणा."

मे महिन्यात मीठ धुऊन गेलं, तेव्हा निघालो.
पेट्रोलचा काटा पूर्वीसारखाच अर्ध्यावर अडकलेला;
दार मात्र निराळं मिटत होतं, हळू, चर्चच्या दारासारखं.
त्या वळणावर त्याने वेग कमी केला.
मी बाहेर बघत राहिले.
मागे सीटखाली
कात्री खडखडत होती.