वरच्या अंगाला

रविवार पेठेत पहाटे साडेचारला
आण्णा सराफांच्या पायऱ्या झाडायचे.
कुंचा, घमेलं, लाकडी परात.
मोरीतला काळा चिखल घरी आणून धुवायचे तास तास,
परात अशी फिरवायची की माती निघून जाते
आणि जड ते मागे राहतं.
आमचं घर त्या मागे राहिलेल्यावर चाललं.
पुण्याखाली नुसता काळा दगड,
ह्या शहरानं सोनं कधी दिलं नाही,
फक्त सांडलं.

मी आता आंबेगावात, सातव्या मजल्यावर,
सगळे झोपले की लॅपटॉप उघडते.
ध्रुवाकडच्या एका ओढ्याचा गाळ,
चौदाशे बारा पिशव्या,
आकडे होऊन आल्यात.
सोनं अब्जात तीन भाग. दोन. पाच.
मग बराच वेळ काही नाही.
तांबं जरा बरं.
जस्त एका वळणावर एकदम चढतं.

आण्णांना दाखवलं. चष्मा कपाळावर.
"किती तोळे?"
तोळे नाहीत आण्णा. अजून नुसता वास आहे.
ते हसले नाहीत.
"मोरीत कण सापडला की मोरीकडं बघायचं नाही.
वरच्या अंगाला बघायचं.
कुणाच्या भट्टीचं पाणी येतंय."

हे वाक्य शिकायला मला
दोन पदव्या लागल्या, आणि बँकेचे हप्ते अजून चालूच.

तर वरच्या अंगाला :
गंजलेला एक उतार, फोटोत दगडावर दगडफूल,
गोड्या मसाल्यात घालावं असं.
दोन हात खाली जमीन बाराही महिने गोठलेली.
पाणी वरवरच वाहतं,
खालचं सांगत नाही.

पिशव्या भरणाऱ्या नीव्हीनं
अकराशे सातच्या शेऱ्यात लिहिलंय :
इथे रेनडिअर पिल्लं घालतात. जूनमध्ये येऊ नका.
शेऱ्याचा रकाना नकाशावर उतरत नाही.
मी तरी तिथे लाल गोल काढला,
पुसला,
पुन्हा काढला, थोडा लहान.
शिफारशीत लिहिलं : दोन भोकं घ्यावीत. जून टाळून.
'टाळून'खाली रेघ मारली.
ती वाचणारा माणूस मला माहीत आहे.

साडेचार.
आण्णा उठलेत. सवय.
गॅलरी झाडतायत, तीन फुटांची,
आणि सुपलीतली धूळ
टाकायच्या आधी
एकदा ट्यूबलाइटखाली धरतात.